पोक्सोची फिर्याद आणि पहिले चोवीस तास : पोलीस आणि बालसंरक्षणवाले एकमेकांना फोन का करत नाहीत?

वळचण

पोक्सोवर (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याआधी इथे धागे निघालेत, पण दुसऱ्या पानावर ते 'भर चौकात फाशी'वर पोचतात आणि तिसऱ्यावर राजकारणावर. हा धागा शिक्षेबद्दल नाही. गुन्हा कळल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत काय काय होतं, आणि त्यात पोलीस आणि आम्ही (बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, संस्थांचे कार्यकर्ते) एकमेकांशी बोलतो की नाही, एवढ्यापुरताच आहे.

मी सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारी ही व्यक्ती बाल कल्याण समिती नेमते, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने. मी वकील नाही, तपास अधिकारीही नाही. पुढची तारीख कधी ते सांगते, सिव्हिलला सोबत जाते, जबाबाच्या वेळी जवळ बसते, समितीला दर महिन्याला अहवाल देते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या ललितपूरच्या प्रकरणात बजावलं की सपोर्ट पर्सन हा ऐच्छिक प्रकार नाही. अशी सोय आहे हे पालकांना प्रत्येक वेळी सांगायलाच हवं. तिथल्या मुलीवर तक्रार घेऊन गेल्यावर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याचा आरोप होता, हे ध्यानात घ्या म्हणजे न्यायालयाला एवढं ठणकावून का सांगावं लागलं ते कळेल.

आता कायदा. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, नियम २०२० मध्ये नव्याने आले. कलम १९ प्रमाणे खबर मिळाली की पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. नमुना 'ब' नावाचा एक प्राथमिक अहवाल समितीला पाठवायचा: मुलाचं वय, आरोपीशी नातं, आरोपी त्याच घरात राहतो का, मुलाला धमकी आहे का, वगैरे. पालकांना नमुना 'अ' द्यायचा, त्यात त्यांचे हक्क असतात. आरोपी घरातलाच असेल, किंवा मुलाला घरच नसेल, तर मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करायचं.

म्हणजे दोन खात्यांनी कुठे भेटायचं ते कायद्याने ठरवून ठेवलंय. प्रत्यक्षात काय होतं?

नमुना 'ब' येतो चार-पाच दिवसांनी, तोही आम्ही मागितल्यावर. बऱ्याचदा एफआयआरची प्रत आणि वर 'माहितीस्तव सादर' एवढंच. तोवर त्या लेकराने तीच गोष्ट आईला सांगितलेली असते, मग शाळेतल्या बाईंना, मुख्याध्यापकांना, ठाणे अंमलदाराला, मग तपास अधिकाऱ्यांना, सिव्हिलच्या डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांपुढे, आणि शेवटी समितीतले सदस्य 'बाळा, काय झालं ते सांग बघू' म्हणून परत विचारतात. कायद्याला यातल्या तीन वेळा लागतात: पोलीस जबाब, वैद्यकीय तपासणीच्या वेळची माहिती, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब. बाकीच्या आपण सगळ्यांनी मिळून वाढवलेल्या आहेत.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलीचा जबाब घरी घ्यायचा ठरला, जो कायद्याला धरूनच आहे. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत आल्या, फिकट हिरवा पंजाबी ड्रेस, पायात चपला. मुलीशेजारी खाली सतरंजीवर बसल्या, तिच्या वहीतली चित्रं बघितली. अगदी हवं तसं. फक्त त्या आल्या पोलीस व्हॅनमधून आणि व्हॅन उभी राहिली गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानासमोर. आत मुलगी दोन वाक्यं बोलली तोवर दाराशी शेजारच्या तीन बायका 'काय झालं हो वहिनी' करत उभ्या. मुलगी जी गप्प झाली ती झालीच. मॅडमची त्यात काही चूक नव्हती. कुणी आदल्या दिवशी मला फोन केला असता तर मी म्हटलं असतं, मुलीच्या मावशीचं घर दोन स्टॉप पुढे आहे, तिथे घ्या. कलम २४ मध्ये 'मुलाच्या पसंतीची जागा' असंही लिहिलंय.

मला इथल्या पोलिसांकडून, वकिलांकडून, डॉक्टरांकडून ऐकायचंय. फोन का होत नाही?

संपादक मंडळ

चर्चेत कुठल्याही पीडित बालकाचं नाव, गाव, शाळा, नातेवाईक, यातून ओळख पटेल असं काही लिहू नये. पोक्सो कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचकांनाही लागू आहे. असे प्रतिसाद विचारणा न करता उडवले जातील.

कोकणकडा

वाचतोय. अवघड विषय घेतलात ताई.

निवृत्त फौजदार

वळचणताई, फोन का होत नाही ते मी सांगतो. रागावू नका.

एका पोलीस ठाण्याला बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. बाल न्याय कायदा कलम १०७, सहायक फौजदारापेक्षा खालच्या दर्जाचा नको. कागदावर आहे. पण तो बहुधा दुसऱ्याच कामाचा माणूस, त्याच्याकडे वर 'बालकल्याण' चिकटवलेलं. बोर्डावर नाव असतं, ते दोन बदल्यांपूर्वीच्या माणसाचं. त्याच कलमात विशेष बाल पोलीस पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत, त्यात एक महिला, असंही आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मला ते दोन कार्यकर्ते पथकात बसलेले दिसले नाहीत. यादी असायची.

तपास अधिकाऱ्याची बाजू बघा. गुन्हा दाखल झाला की त्याला घटनास्थळाचा पंचनामा, कपडे जप्ती, मेडिकल, आरोपी अटक, रिमांड, सीसीटीव्ही. डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) वेळेत नाही उचलला तर वरून रेकॉर्डिंग होऊन जुनं पुसतं. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घ्यायचे. प्लास्टिकमध्ये घातले तर कुजतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल निरंक येतो. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत पोक्सोच्या गंभीर कलमांचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा. आणि हे सगळं करताना गणपतीचा बंदोबस्त लागला असेल तर तोही. अशा वेळी समितीचा कागद तळाला जातो. चूक आहे, पण आळस म्हणू नका.

दुसरं कारण बोललं जात नाही म्हणून बोलतो. तपास अधिकाऱ्याला भीती असते की समितीला कळवलं तर मुलगी बालगृहात जाईल, घरचे बिथरतील आणि फिर्यादी फितूर होईल. अशी उदाहरणं प्रत्येक ठाण्यात कुणीतरी सांगतं. आणि कार्यकर्त्यांबद्दलची तक्रार: मुलीला तेच आधी सगळं विचारतात, वर मोबाईलवर व्हिडिओ घेतात. 'त्याने इथे हात लावला ना? मग इथेही लावला ना?' हे रेकॉर्डिंग आरोपीच्या वकिलाच्या हाती लागलं की संपलं. 'पढवलेली साक्षीदार' हे त्याचं पहिलं वाक्य. एक-दोघे तर आधी चॅनेलवाल्याला फोन करतात, मग आम्हाला.

चांगलंही सांगतो. मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला, सामाजिक कार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसते. पुढे महिला व बालविकास विभागाने तो राज्यभर नेला. मी ज्या उपविभागात होतो तिथे तो कक्ष आमच्याच इमारतीत होता. त्या मॅडमना फोन करावा लागत नव्हता, त्या चहाला येऊन बसायच्या. 'साहेब, त्या पोरीच्या आईला आज घरी एकटी पाठवू नका' एवढंच सांगायच्या आणि आम्ही ऐकायचो. सहकार्याचं पत्र काढून होत नाही, टेबल शेजारी लागतं.

रोखठोक_राव

एवढं सगळं कशाला. बदलापूरला पब्लिक रस्त्यावर उतरली तेव्हाच यंत्रणा हलली. आणि शेवटी काय ते पोलिसांनीच निकाल लावला.

सुपारीचं खांड

@रोखठोक_राव, बदलापूरबद्दल बोलायचंच तर नीट बोलू. ऑगस्ट २०२४, शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार. पालक तक्रार घेऊन गेल्यावर गुन्हा नोंदवायला तासन् तास लागले. लोक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले ते त्यानंतर. शाळेने वेळेत कळवलं नाही म्हणून व्यवस्थापनावर कलम २१ लागलं, तेही नंतरच. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पहिल्याच सुनावणीत विचारलं की दुसऱ्या मुलीचा जबाब अजून का नोंदवला नाही. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. म्हणजे मुख्य आरोपीपुरता खटला संपला. न्यायालयात त्या मुलींचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं, खरं धरलं, असं आता कधीच होणार नाही. तुम्ही याला निकाल म्हणता?

वळचणताईंचा मुद्दा तिथे नेमका लागू पडतो. पालक ज्या रात्री ठाण्यात बसून होते, त्या रात्री बाल संरक्षण कक्षाचं कुणी त्यांच्याशेजारी बसलं असतं तर गुन्हा नोंदवायला एवढा वेळ लागला असता का?

रोखठोक_राव

बरं. वाचतो पुढे.

ॲड. निंबोणी

फौजदार साहेबांनी 'पढवलेली साक्षीदार' म्हटलं, त्यावर जिल्हा न्यायालयात रोज काय दिसतं ते सांगते.

कलम २६ म्हणतं, जबाब मूल जसं बोलेल तसा नोंदवायचा, पालकांच्या किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसाच्या समोर. आता एका सहा वर्षांच्या मुलीचा जबाब बघा (प्रातिनिधिक आहे, पण असे ढिगाने वाचलेत): 'सदर इसमाने मला खाऊचे आमिष दाखवून त्याचे राहते घरी नेऊन माझ्याशी अश्लील चाळे करून माझा विनयभंग केला.' हे पहिलीतलं पोर बोललंय? ती बोलली असणार, 'दादाने चॉकलेट दिलं आणि चड्डी काढली.' लेखनिकाने सवयीने फिर्यादीची भाषा लावली.

मग तीन वर्षांनी साक्ष. पोक्सोत आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. पहिला प्रश्न: 'आमिष म्हणजे काय?' पोरगी गप्प. दुसरा: 'विनयभंग म्हणजे काय?' गप्प. 'हे पोलीस काकूंनी लिहिलं ना?' 'हो.' आणि पोरगी खरं तेच सांगतेय! तिने ते शब्द कधी उच्चारलेच नव्हते.

इथे सपोर्ट पर्सन जबाबाला बसलेली असेल आणि तिने फक्त एवढंच म्हटलं की 'मॅडम, ती चड्डी म्हणाली, चड्डीच लिहा', तर खटला वाचतो. यासाठी तिला तपासात ढवळाढवळ करावी लागत नाही. आणि तिने त्याआधी मुलीला खोदून खोदून काहीही विचारलेलं नसावं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्हीकडच्या लोकांना त्यातली एकच ऐकायला आवडते.

अजून एक. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जुन माळगे यांच्या जनहित याचिकेवर सांगितलं की आरोपीचा जामीन अर्ज आला तर मुलाच्या कुटुंबाला त्याची नोटीस मिळाली पाहिजे, आणि ती पोचवायची जबाबदारी पोलिसांची. तरी आजही आईला जामिनाची बातमी कळते ती आरोपी गल्लीत फिरताना दिसल्यावर. नोटीस 'घर बंद' म्हणून परत येते. घर बंद असतं कारण आई कामावर असते. तिचा चालू मोबाईल नंबर सपोर्ट पर्सनकडे असतो! बजावणीला जाणाऱ्या हवालदाराला तो नंबर कुणी देत नाही, तोही मागत नाही.

झुंजूमुंजू

'चड्डीच लिहा' +१

गावाकडचा डॉक्टर

ग्रामीण रुग्णालयात आहे. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट: कलम २७ प्रमाणे एफआयआर झालेला नसला तरी मुलाची तपासणी करता येते. तातडीचे उपचार द्यायला तर पोलिसांचं पत्र लागतच नाही. तरी आमच्याकडे रात्रीच्या ड्युटीवरचा नवखा डॉक्टर 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणतो. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तालुक्याला त्या रजेवर असल्या की सिव्हिलला पाठवायचं, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर. गाडीत मुलगी, आई, महिला कॉन्स्टेबल. कॉन्स्टेबल मॅडमही उपाशी, मुलगीही उपाशी. आमच्या सिस्टर स्वतःच्या डब्यातलं देतात.

(याला पैसे आहेत, हे मला अलीकडे कळलं. नियम ८, विशेष साहाय्य. जेवण, कपडे, प्रवास यासाठी समिती शिफारस करते आणि आठवड्याच्या आत रक्कम मिळायला हवी. पण समितीलाच पाच दिवसांनी कळत असेल तर?)

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आमच्याकडे पाड्यांवरून सोळा-सतरा वर्षांच्या पोरी येतात, पोट पुढे आलेलं, गळ्यात मंगळसूत्र, सोबत सासू. बाळंतपणाला आलेल्या असतात. कायद्याने हा पोक्सो आहे आणि बालविवाहही. मी कळवलं नाही तर कलम २१, सहा महिने. कळवलं तर नवरा आत, तो एकोणीस वर्षांचा ऊसतोड मजूर. मुलगी रडत म्हणते, 'डॉक्टर, तुम्ही माझा संसार मोडला.' आणि पुढच्या वेळी त्या पाड्यावरची पोरगी दवाखान्यात येतच नाही, घरीच सुईण. मी कळवतो. पण एकदा तरी असं व्हावं की पोलीस जीप येण्याआधी बाल संरक्षण अधिकारी येतो, मुलीशी बोलतो, ती सुरक्षित आहे का, घरी मारहाण आहे का, तिला काय हवंय ते बघतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणात थोडी वाट दिली: अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कलम १९ ची खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. आमच्या भागात ही गोष्ट पोलिसांना माहीत नव्हती, मी प्रिंट काढून नेली. 'डॉक्टरसाहेब, नाव नाही तर गुन्हा कुणाच्या नावाने नोंदवू?' हा त्यांचा प्रश्नही चुकीचा म्हणवत नाही.

निवृत्त फौजदार

डॉक्टर, तो प्रश्न मीही विचारला असता.

समितीवाला (माजी)

मी एक मुदत बाल कल्याण समितीवर सदस्य होतो. समितीवर टीका झाली ती बरीचशी मान्य आहे, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

फौजदार साहेब म्हणाले, 'समितीला कळवलं की मुलगी बालगृहात'. असा नियम नाही. आरोपी त्याच घरातला असेल तेव्हा समितीने तीन दिवसांत ठरवायचं की मुलाला घरातून हलवायचं की नाही. त्यात मुलाचं म्हणणं, आईची मुलाला सांभाळण्याची तयारी, वैद्यकीय गरज, शाळा, भावंडं, सगळं बघायचं. बाप आरोपी असेल आणि अटकेत असेल तर मुलीला आईपासून तोडायचं काय कारण? बालगृह हा शेवटचा पर्याय. पण चौकशीला बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता पाठवायचा तर तो कंत्राटी, सगळ्या जिल्ह्याला एक-दोन माणसं, प्रवासभत्ता सहा महिने थकलेला. मग काही सदस्य 'सेफ साइड' म्हणून बालगृहाचा आदेश देतात. हे घडतं, आणि पोलिसांचा अनुभव तिथूनच आलाय.

पोलिसांची एक सबब मात्र मला कधी पटली नाही: 'आज समितीची बैठक नव्हती'. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसली पाहिजे, आणि बसलेली नसेल तेव्हा एका सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं. रविवारी रात्री माझ्या घरी, हॉलमध्ये, मुलं आणली गेलीत. बायको पोहे करायची. ज्या ठाण्यांना माझा नंबर होता त्यांनीच आणली, बाकीच्यांनी सोमवारची वाट बघितली आणि कुठे ठेवलं असेल त्या मुलाला, मी विचारलं नाही. कायदा म्हणतो कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही.

आणि १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, टाटा संस्थेतूनच. सुरुवातीपासून संस्था चालवायच्या. २०२३ पासून सरकारने स्वतःकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली. सरकारी झाल्याने पोलिसांपर्यंत कॉल लवकर पोचतो, हे चांगलं. पण पूर्वी कॉल घेणारा कार्यकर्ता मुलाकडे स्वतः रिक्षाने जायचा आणि मग ठाण्यात येऊन ठाण मांडून बसायचा. मुंबईतल्या अँकरेज अनाथालयांचं प्रकरण आठवा. मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार २००१ ची, रस्त्यावरच्या मुलांसाठी आसरा काढणारे परदेशी इसम आरोपी. सत्र न्यायालयात २००६ ला शिक्षा, उच्च न्यायालयात २००८ ला सुटका, आणि १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा परत कायम केली. ते अपील हीच हेल्पलाइन चालवणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेने लढवलं. तेव्हा पोक्सो नव्हता, सपोर्ट पर्सन हा शब्द नव्हता. इतकी वर्षं त्या मुलांचा पाठपुरावा करायला कुणी पगारी माणूस बसला नसता.

सोअर नदीकाठची

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. इथे कौन्सिलमध्ये (स्थानिक प्रशासनात) बालसंरक्षण विभागात सोशल वर्कर आहे, मूळची साताऱ्याची.

इथे नियम असा की मुलाला गंभीर इजा झाल्याची किंवा होण्याची शंका आली की पोलीस, सोशल वर्कर आणि आरोग्य खात्याचं माणूस यांनी आधी एकत्र चर्चा करायची. बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवर. मुलाशी कोण बोलणार, कुठे, कधी, आईला आधी सांगायचं की नाही, वैद्यकीय तपासणी आज की उद्या, हे तिथे ठरतं आणि लिहिलं जातं. मुलाखत प्रशिक्षण घेतलेला पोलीस किंवा सोशल वर्कर घेतो, दुसरा बाजूच्या खोलीत स्क्रीनवर बघतो. तेच रेकॉर्डिंग पुढे न्यायालयात मुलाची मुख्य साक्ष म्हणून चालतं.

पण हे चांगुलपणातून आलेलं नाही, फजितीतून आलंय. १९८७ मध्ये इथल्याच क्लीव्हलँड भागात दोन बालरोगतज्ज्ञांनी काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचाराचं निदान केलं. सोशल वर्करनी मुलांना घरांतून उचललं. पोलिसांच्या डॉक्टरला निदान मान्य नव्हतं, पोलीस बाजूला झाले, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी बोलेनात. मुलांच्या परत परत तपासण्या, परत परत मुलाखती. शेवटी बहुतेक मुलं घरी परतली. त्यातल्या खरोखर अत्याचार झालेल्या मुलांचं काय झालं असेल, याचा मी कधीकधी विचार करते. पुढच्या वर्षी चौकशी करणाऱ्या न्यायाधीश बटलर-स्लॉस यांचा अहवाल आला. मूल ही व्यक्ती आहे, काळजीचा विषय म्हणून वापरायची वस्तू नाही, असं त्यात बजावलंय. १९८९ चा मुलांविषयीचा कायदा आला तो त्यानंतर.

आणि आजही इथे चुका होतात. पोलिसांकडे माणूस नसतो, चर्चा उरकली जाते. तरी एक फरक आहे. चर्चा झाली नाही तर दोघांपैकी कुणालातरी त्याचा लेखी जाब द्यावा लागतो. आपल्याकडे नमुना 'ब' आला नाही तर जाब कोण विचारतो? कलम २१ शाळेला आहे, डॉक्टरला आहे. समितीला उशिरा कळवणाऱ्या ठाण्याला काय आहे?

ॲड. निंबोणी

@सोअर नदीकाठची, थेट शिक्षा नाही. पण समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. लेखी खुलासा मागवता येतो, पोलीस अधीक्षकांना प्रत पाठवता येते. विशेष न्यायालयालाही २४ तासांत कळवायचं असतं, म्हणजे तारीख न्यायालयाच्या दप्तरात दिसतेच. कुणी विचारलं तर.

समितीवाला (माजी)

आम्ही एकदा असे खुलासे मागवायला सुरुवात केली होती. नंतर एका ठाण्याने फोन घेणंच बंद केलं. मग आम्ही बंद केलं. बरोबर केलं की नाही माहीत नाही, पण त्या ठाण्याच्या हद्दीतली मुलं आम्हाला हवी होती.

पाटीवरची अक्षरं

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दोन दिवस धागा वाचतेय. साधा प्रश्न: उद्या वर्गातल्या एखाद्या मुलीने मला येऊन काही सांगितलं, तर मी नेमकं काय करायचं? मुख्याध्यापक म्हणतील, 'आधी शाळा व्यवस्थापन समितीत घेऊ, गावातला मामला आहे.' आमच्या प्रशिक्षणात चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवायला सांगतात, पण मुलाने तोंड उघडलं तर पुढे काय हे कुणी शिकवलं नाही.

वळचण

@पाटीवरची अक्षरं, बाई, माझ्या अनुभवातून सांगते, निंबोणीताई चुकलं तर दुरुस्त करतील.

ऐकून घ्या, पण खोदू नका. 'मग काय झालं?' एवढं पुरे. 'कुठे हात लावला', 'किती वेळा', हे तुमचं काम नाही. तिचे शब्द त्याच दिवशी वहीत लिहा, तिच्याच भाषेत, तारीख आणि वेळ घालून. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, आता मोठ्या माणसांना सांगावं लागेल' असं म्हणा.

व्यवस्थापन समितीची बैठक वगैरे नाही. कळवण्याची जबाबदारी तुमची स्वतःची आहे, मुख्याध्यापकांनी अडवलं तरी. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. शंका जरी असली तरी कळवता येतं, सिद्ध करायचं काम तुमचं नाही. ठाण्यात जा किंवा १०९८. मी म्हणेन दोन्ही करा, म्हणजे दोन्ही खात्यांकडे एकाच दिवसाची नोंद राहते. इथेच आमच्यातलं ते न बोलणं थोडं तरी भरून निघतं.

फौजदार साहेब, तुमचं व्हिडिओबद्दलचं म्हणणं आमच्या पुढच्या प्रशिक्षणात मी घेणार आहे. आमच्या लोकांना वाटतं पुरावा जमवतोय. आणि डॉक्टर, पाड्यावरच्या मुलींबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे अशा एका प्रकरणात कक्षाचे अधिकारी आणि महिला उपनिरीक्षक एकाच गाडीतून गेले, कारण त्या दिवशी कक्षाची गाडी बंद होती. गुन्हा नोंदला गेलाच, पण मुलगी आधी अधिकाऱ्यांशी तासभर बोलली, आणि सासरी मारहाण आहे हे तेव्हा बाहेर आलं. जबाबात ते आलं नसतं.

गावाकडचा डॉक्टर

म्हणजे गाडी बंद पडली म्हणून काम झालं. ही युक्ती वरिष्ठांना सांगू नका, सगळ्याच गाड्या काढून घेतील.

सुपारीचं खांड

व्हॉट्सॲप गटाचं काय? काही जिल्ह्यांत पोलीस, समिती, कक्ष यांचा एकत्र गट आहे म्हणे.

निवृत्त फौजदार

गट चालतो, पण त्यावर एफआयआरचा फोटो टाकणारे महाभाग असतात, मुलीच्या नावगावासकट. तो फोटो संध्याकाळपर्यंत पत्रकाराकडे. गटावर फक्त 'पोक्सो, अमुक ठाणे, फोन करा' एवढंच लिहायचं, बाकी बोलून.

पाटीवरची अक्षरं

धन्यवाद वळचणताई. अजून एकच. मी ठाण्यात गेले आणि त्यांनी 'उद्या या, मॅडम नाहीत' म्हटलं तर?

ॲड. निंबोणी

मॅडम जबाबाला लागतात, खबर घ्यायला नाही. खबर ड्युटीवरच्या कुणीही घ्यायची आहे. हद्द आमची नाही म्हणाले तरी शून्य क्रमांकाने घ्यायची. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. पोच देत नाहीत म्हटलं तर तिथूनच १०९८ ला फोन लावा, त्यांच्यासमोर.

निवृत्त फौजदार

आणि स्टेशन डायरीचा नंबर मागा. तो मागितला की समोरचा माणूस उठून बसतो.